घाटातल्या त्या दोघांच्या घरी जाऊन ये

नगर, रविवार दुपार

प्रिय बाळ,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

स्कूटी घसरल्याचं मला दादाकडून कळलं. तू त्याला सांगितलंस आणि मला नाही, याचा राग नाही. फोनवर हा विषय निघाला की माझा आवाज चढतो आणि तुझी रेंज जाते, म्हणून लिहायला बसले. घाटाबद्दल एकच वाक्य लिहायचं असं ठरवलंय. पावसात चांदसैली घाटात गाडी घालू नकोस. एसटीनं जा, नाहीतर जाऊच नकोस. झालं, आता त्यावर बोलणार नाही.

मला खरं बोलायचंय ते तुला उचलणाऱ्यांबद्दल. दादा म्हणाला, मोळ्या घेऊन चाललेलं एक जोडपं होतं. मोळ्या रस्त्याच्या कडेला टाकून ते तुझ्याकडं धावले. बाईनं तुझ्या गुडघ्यावर पाणी ओतलं, पदरानं चिखल पुसला. बाप्यानं गाडी ढकलत पाड्यापर्यंत नेली. तू पैसे काढलेस तर दोघं नको म्हणाले आणि परत मोळ्या आणायला चढण चढून गेले. मी दादाला विचारलं, नावं काय त्यांची? त्याला माहीत नव्हतं. तुला तरी माहीत आहेत का गं?

बुधवारी आपल्याकडं कुटुंब प्रार्थना होती. पाळकसाहेबांनी विचारलं, कुणाला उपकारस्तुती करायची आहे का. मी उभी राहिले, माझ्या लेकीला वाचवलंस म्हणून देवाचे आभार मानले, आणि त्या दोघांसाठी प्रार्थना करायला लागले तर नाव घेता येईना. 'घाटातले ते दोघं' म्हणाले. देवाला कळलं असणार. पण मला फार चुटपूट लागून राहिली.

लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी तुला नव्यानं सांगायला नकोत. प्रभूनं दहाही बरे केले, आभार मानायला परतला एकच. शब्बाथ शाळेच्या नाटुकल्यात तू हट्टानं दहावा व्हायचीस, कारण बोलायचं वाक्य त्यालाच असायचं. इतकी वर्षं तो धडा शिकवतेय, पण एका जागी मी दर वेळी अडते. न आलेल्या नऊ जणांचं बरं होणं प्रभूनं काढून घेतलं नाही. ते कुठं आहेत, एवढंच विचारलं. आणि जो परत आला तो शोमरोनी होता. त्याच्या लोकांशी यहुदी व्यवहारसुद्धा ठेवत नसत.

तेव्हा त्यांच्या घरी जाऊन ये. पाडा तू पाहिला आहेस, शाळेतल्या कुणा पोराला विचारलंस तरी घर सापडेल. पैसे नेऊ नकोस. गूळ, चहापत्ती, शेंगदाणे, एवढं ने. जमिनीवर बस. देतील ते पाणी पी, भाकरी दिली तर खा, आणि घाईनं उठू नकोस. त्यांची नावं विचार, मुलं शाळेत जातात का विचार. फोटो मात्र काढू नकोस. आणि तिथं चालत जा, किंवा मुख्याध्यापक सरांच्या घरचं कुणी सोबत येत असेल तर बघ. स्कूटीवर नको.

बघ, परत आलेच मी तिथं.

घाटात तू कशासाठी निघाली होतीस, ते मला माहीत आहे. शनिवारची सकाळची शाळा सुटली की नंदुरबारला उतरायचं आणि रविवारी प्रभुभोजन घेऊन परतायचं. हा नियम तुझ्यात माझ्याकडूनच आलाय. आज मी तुला उलटं सांगते आहे, आणि पाळकसाहेबांना विचारून सांगते आहे: धडगावात खोलीवर बसून स्तोत्र वाचलंस, गुडघे टेकलेस, तरी ती उपासना आहे. पावसाळा संपेपर्यंत तसं कर. दिवाळीनंतर घाट कोरडा होईल, मग खुशाल जा. रविवारी घंटा वाजल्याशिवाय तुला करमत नाही हे मी जाणते. मलाही करमलं नसतं.

इथं मंडळीत सगळे तुझं विचारतात. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत तुझं नाव आलं त्या रविवारी कुणीतरी पेढे वाटले होते, आठवतं? अजून म्हणतात, बाईंची पोरगी जिल्हा परिषदेत लागली. कुठं, असं विचारलं की मी अक्कलकुवा, तळोदा, धडगाव असा सगळा सातपुडा सांगते, आणि सांगताना मान ताठ होते. १६ हजार मानधनावर तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढायची, वर खोलीचं भाडं आणि पेट्रोल. तुझ्या वर्गातल्या मुली पुण्यात याहून पुष्कळ कमावतात. तू कधी त्याबद्दल कुरकुरली नाहीस. हे तुला तोंडावर सांगायचं राहून गेलं, म्हणून लिहून ठेवते.

नेवाशाच्या बाजूच्या खेड्यात आजोबांना अक्षरं शिकवली ती मिशनच्या मास्तरांनी. शाळा म्हणजे महारवाड्यातल्या लिंबाखालची जागा. दिवसा पोरं, रात्री कंदिलाच्या उजेडात त्यांचे बाप, आणि रविवारी तेच मास्तर उपासना चालवायचे. ओढ्याला पूर आला की धोतर वर खोचून, पुस्तकं डोक्यावर धरून यायचे. मास्तर गेले तरी आजोबांनी दर नाताळला त्यांच्या घरी करंज्यांचा डबा पाठवला. पुढं त्यांची नातवंडं राहिली, त्यांनाही पाठवला. आपण त्या डब्याला वैतागायचो, कारण सगळ्यांत चांगल्या करंज्या त्यात जायच्या. आजोबांच्या भिंतीवर मेंढपाळ येशू आणि त्याच्या शेजारी बाबासाहेब. अंथरुणातून उठल्यावर दोघांनाही नमस्कार करून मगच चहा.

परवा अमेरिकेहून आलेल्या मिशनरी सिंथिया फॅरारबाईंचा विषय निघाला, नववीच्या मुली प्रकल्प करताहेत. १८२७ साली त्या मुंबईच्या बंदरात उतरल्या, लग्न न झालेल्या, एकट्या. १८३९ पासून नगरला मुलींना शिकवत होत्या आणि १८६२ साली इथंच देवाघरी गेल्या. जोतीरावांनी त्यांची नगरची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची काढली. सावित्रीबाईंनी शिकवायचे धडे घेतले तेही इथंच. हे सगळं मी मुलींना कितीदा सांगितलंय. पण परवा सांगता सांगता मनात भलतंच आलं. जहाजानं पत्र अमेरिकेला पोचायला महिने लागायचे. बाई आजारी पडल्या, बैलगाडी उलटली, तरी घरी कळेपर्यंत ऋतू बदललेला असायचा. त्यांच्या घरच्यांनी रात्री कशा काढल्या असतील? मला तर तुझा मेसेज रात्री साडेआठपर्यंत आला नाही की देवघरात बसावं तशी तुझ्या खोलीत जाऊन बसते.

खोलीवर पोचलीस की नुसतं 'पोचले' एवढं लिहीत जा. रेंज नसेल तर दुकानदाराच्या फोनवरून.

आता शाळेचं. तुझी द्विशिक्षकी शाळा आणि पहिली-दुसरीला मराठी न कळणारी पोरं. ती पावरी बोलतात म्हणून तू घाबरली आहेस. घाबरू नकोस. त्यांच्याच बोलीतले शब्द फळ्यावर लिही, त्यांना तुझी चूक काढू दे. बाईंची चूक सापडली की पोरं हमखास बोलतात.

दिवाळी झाली की तुझा वर्ग निम्मा रिकामा होईल. आई-बाप गुजरातेत कामाला निघतील आणि पोरं त्यांच्या मागं. केंद्रप्रमुख पटावर बोट ठेवतील. तू त्याआधी घरोघरी जा. मागं राहणारी आजी कोण, काका कोण, हे लिहून ठेव, हंगामी वसतिगृहाचं विचार. जाणाऱ्या पोराला शिक्षण हमी कार्ड, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत दाखवायचं कार्ड, दिल्याशिवाय सोडू नकोस. आणि गेलेल्या पोराचं नाव हजेरीत रोज मोठ्यानं घे. बाकीची पोरं सांगतील, बाई, तो सुरतेकडं गेलाय. सांगू दे.

माझ्या वर्गात पाथर्डीकडची एक मुलगी होती. दिवाळीला ऊसतोडीच्या टोळीबरोबर जायची, चैत्रात परत यायची. एका वर्षी आली तेव्हा बोटांच्या पेरांवर उसाच्या पाचटाचे चिरे होते, काही भरलेले, काही ओले. पेन्सिल धरली की हात मागं घ्यायची. मधल्या सुट्टीत मी तिच्या बोटांना खोबरेल लावलं आणि जाड खडू देऊन फरशीवर लिहायला बसवलं. जोडाक्षरं साफ विसरली होती. पण बेरजा विचारल्या तर पटापट! मोळ्या मोजून मोजून दशक आणि एकक तिच्या अंगात भिनलं होतं. मग वर्गाला हातच्याची बेरीज तिनं शिकवली, मी बाजूला बसले. त्या दिवशी घरी येऊन मी खूप वेळ प्रार्थना केली आणि त्यात मागणं एकही नव्हतं.

एक गोष्ट जपून सांगते. तू सरकारी शाळेत आहेस. राज्यघटनेच्या २८व्या कलमानं तिथं धर्माचं शिक्षण द्यायला मनाई आहे, आणि हे कलम आपल्याही भल्याचं आहे. नाताळ जवळ आला की पोरं विचारतील, तेव्हा इतर सणांबद्दल सांगतेस तेवढंच सांग. बायबलची गोष्ट वर्गात नको, प्रार्थनेला बोलावणं नको. 'बाई ख्रिस्ती आहे' असं कुजबुजणारे भेटतील. तू वेळेवर जा, वह्या तपास, खिचडीत डाळ बरोबर पडते ना ते बघ, कुणाच्या पोराला मारू नकोस. प्रभूची साक्ष द्यायला एवढं पुष्कळ आहे. भीती मलाही वाटते, खोटं कशाला सांगू. पण तुझ्या गुडघ्यावर पाणी ओतताना त्या बाईनं तुझा धर्म विचारला नाही, हे मी स्वतःला सांगत राहते.

फारच लांबलं आणि व्याख्यान झालं. माफ कर बाळा. वर्गात उभं राहायची सवय पत्रातही जात नाही. तुला हे सगळं ठाऊक आहे, पुष्कळसं माझ्याहून जास्त. डी.एड.ला पहिली आली होतीस तू.

पण गाडीचं मी का बोलते, ते तुला माहीत आहे. पप्पाही त्या दिवशी म्हणाले होते, हे काय, तासाभरात येतो. रस्ता ओला होता, ते परत आलेच नाहीत. अशा वेळी लोक म्हणतात ते सगळं मी तेव्हा ऐकून घेतलं, देवाची इच्छा वगैरे. विश्वास माझा गेला नाही. स्तोत्र १२१ मी रोज रात्री तुझं आणि दादाचं नाव घेऊन वाचते, आणि वाचून झाल्यावरही झोप येत नाही. दोन्ही खरं आहे. स्कूटीचे टायर गुळगुळीत झालेत असं दादा म्हणाला. ते बदलून घे, पैसे मी पाठवते, यावर हुज्जत नको.

पार्सल एसटीनं पाठवलंय. त्यात रेनकोट, कुळथाचं पीठ, तुझी जुनी चित्रकार्डं आणि खडूंचे डबे आहेत, जाड खडूंचे. वर्गात कोपऱ्यात बसणारी ती मुलगी अजून एक शब्दही बोलली नाही म्हणालीस ना. तिला बोलायला लावू नकोस, सगळ्यांसमोर तर मुळीच नको. हातात खडू दे आणि दुसरीकडं बघ. काय काढते ते मला कळव.

खूप खूप आशीर्वाद.

तुझी
आई