जर्दाळूच्या दिवसांतला जन्म

स्कारबरो, टोरांटो
१८ जानेवारी

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "मोठ्या माणसांच्या वर्गात खेळ कसले घेतेस?" तेव्हा घाईत होते, म्हणून आज सविस्तर लिहितेय.

आमचा वर्ग 'लिंक' या सरकारी योजनेतला. कॅनडात नव्याने आलेल्यांना १९९२ पासून यात फुकट इंग्रजी शिकवतात. जूनमध्ये शाळा भरते तसे इथे सगळे एकदम येत नाहीत. जागा झाली की नवीन माणूस येतो, त्यामुळे कोणत्याही सोमवारी दारात एखादा अनोळखी चेहरा उभा असतो. इथे इंग्रजीच्या १२ पायऱ्या ठरवलेल्या आहेत, माझी माणसं पहिल्या-दुसऱ्या पायरीवरची. नाव सांगता येतं, पुढचा प्रश्न आला की मान खाली. पहिल्या दिवशी तोंड उघडलं नाही तर पुढे महिनाभर उघडत नाही.

बाबा, दिवाळीनंतर कारखान्यावर टोळ्या आल्या की ऊसतोडीवाल्यांची पोरं तुमच्या वर्गात मधूनच यायची. तुम्ही त्यांना काही न विचारता आधी फळा पुसायला द्यायचात. मी इथे तेच करते. नव्या माणसाच्या हातात लोकरीचा गुंडा देते. टोक धरून आपलं नाव सांगायचं आणि गुंडा दुसऱ्याकडे फेकायचा. पाच मिनिटांत वर्गभर जाळं होतं. मग उलट गुंडाळत यायचं, तेव्हा ज्याच्याकडून गुंडा आला त्याचं नाव घ्यावं लागतं. चुकलं की आठ जण मिळून सांगतात.

एक खेळ मात्र मी बंद केला. स्वतःबद्दल तीन वाक्यं सांगायची, दोन खरी, एक खोटं, आणि खोटं कुठलं ते बाकीच्यांनी ओळखायचं. पुस्तकांतून याची फार शिफारस असते. अफगाणिस्तानातून आलेल्या एका बाई म्हणाल्या, "मी न्यायाधीश होते." सगळ्यांनी एका सुरात "खोटं!" म्हणून टाळ्या वाजवल्या. ते खरं होतं. बाई काही न बोलता खाली बसल्या. मला अजून त्यांचा चेहरा आठवतो. सगळं मागे सोडून आलेल्या माणसाला आपलं खरं आयुष्य असं पणाला लावायला सांगू नये, हे मला आधीच सुचायला हवं होतं.

गेल्या सोमवारी रांगेचा खेळ घेतला. तोंडाने एक शब्द न काढता, बोटांनी महिना नि तारीख दाखवत, वाढदिवसाप्रमाणे ओळीत उभं राहायचं. ओळ लागली तर पहिल्याच जागेसाठी पाच जणांची दाटी! पाचही जण १ जानेवारीचे. जन्माची नोंद नसली आणि निर्वासिताचे कागद करताना नुसतं साल माहीत असलं, की बरेचदा तीच तारीख लिहितात. बाकीचे बघायला लागले आणि ते पाच जण ओशाळले.

मग मी फळ्यावर '१ जून' लिहिलं आणि म्हटलं, "माझे वडील." शाळेत नाव घालताना गुरुजींनी गावातल्या निम्म्या पोरांना हीच तारीख कशी दिली, ते मोडक्या-तोडक्या खुणांनी सांगितलं. खरा जन्म पोळ्याच्या सुमाराचा, म्हणून डोक्याला दोन बोटांची शिंगं लावून बैलही झाले.

त्या पाचांतल्या एक काबूलच्या आजी पुढे आल्या. हवेत हात उंचावून काहीतरी तोडलं, खाल्लं, बी थुंकली आणि म्हणाल्या, "झर्दालू." मी ओरडलेच, "जर्दाळू!" बाबा, त्यांचा नि आपला शब्द एकच निघाला. जर्दाळू पिकायच्या दिवसांत त्या जन्मल्या होत्या. त्यांच्यामागून सोमालियाच्या एका काकांनी दोन्ही हातांनी पाऊस पाडून दाखवला. वर्ग सुटायची वेळ होऊन गेली तरी कुणी कोट चढवेना.

आता सगळे विचारतायत, तुझ्या वडिलांचा खरा वाढदिवस कधी? पोळ्याच्या आदल्या दिवशी की दुसऱ्या दिवशी, ते आत्याला विचारून कळवा. आई, तू पाठवलेली शेंगदाण्याची चटणी पोचली. बाबांना सकाळी थंडीत फिरायला जाऊ देऊ नकोस.

तुमची,
ताई