गिरणी बंद करून घेतलेला फोन

कराड,
कार्तिकी एकादशी

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत तुझे चार फोन येऊन गेले आणि मी एकही उचलला नाही. वहिनींनी हिला विचारलं म्हणे, "भावजी रागावलेत का?" राग कसला लेका, तोंड लपवत होतो. फोनवर मी दोन वाक्यांत विषय उडवून लावला असता, म्हणून कागद घेतला.

वसुबारसेच्या आदल्या दिवशीची गोष्ट. गिरणीतले भाजणीचे दिवस तू पाहिलेले आहेत. दारात बावीस डबे, झाकणांवर खडूने नावं, आणि बायका "माझं कधी?" विचारत उभ्या. साडेअकराच्या सुमारास मेसेज आला. मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल, अधिकाऱ्याला ताबडतोब फोन करा. खाली दहा आकडी मोबाईल नंबर. बिल मी भरलेलं होतं, पावती गल्ल्यातच होती. तरी पोटात गोळा आला. ऐन दिवाळीत मोटर थांबली तर बावीस घरांच्या चकल्या माझ्या डोक्यावर.

लावला फोन. पलीकडचा माणूस चांगलं मराठी बोलत होता आणि आपल्या कोणत्याही ऑफिसात बोलत नाहीत इतकं नम्र. (तिथेच ओळखायला हवं होतं.) "बिल भरलंय काका, मला दिसतंय. फक्त सिस्टीमला चढलेलं नाही. दहा रुपये भरून अपडेट करून घेऊ." चक्कीच्या आवाजात त्याचं नीट ऐकू येईना, म्हणून मी मोटर बंद केली. वीज जाऊ नये म्हणून गिरणी मीच थांबवली, काय म्हणशील!

त्याने एक ॲप घ्यायला लावलं. आपल्या नेहमीच्या प्ले स्टोअरवरूनच, त्यामुळे शंका यायचं कारण नाही. उघडल्यावर वर नऊ आकडे दिसले, ते त्याला वाचून दाखवले. मग फोनने विचारलं, स्क्रीनवरचं सगळं समोरच्याला दिसेल, चालेल का? फोन बिचारा विचारत होता रे. मी "हो, हो" करत गेलो. बोटं पिठाची, काच दाबली जाईना, तर तो म्हणतो, "काका, स्क्रीन जरा पुसून घ्या." मी उपरण्याने पुसली. त्याला माझ्या काचेवरचं पीठ दिसत नव्हतं, पण बोट अडलेलं कळत होतं. मग व्हॉट्सॲपवर एक फाईल आली, तीही बसवली. पुढे दहा रुपयांसाठी कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, सगळं मी माझ्या हाताने टाइप केलं आणि तो तिकडे बसून पाहत होता. ओटीपी त्याने मागितलाच नाही. कशाला मागेल? मेसेज आला की माझ्याआधी तोच वाचणार. शेवटी म्हणाला, "अपडेट चालू आहे, दहा मिनिटं फोन पालथा ठेवा." मी पालथा ठेवला आणि मोटर चालू केली.

दुपारी तीनला फोन हातात घेतला तेव्हा १९,८०० रुपये गेले होते.

आता खरं लाजेचं ऐक. मी कुणाला काही सांगितलं नाही. ते ॲप काढून टाकलं आणि ब्याद गेली असं समजून रात्री जेवून झोपलो. त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाईल म्हणजे दुसरंच ॲप होतं. फोनवर येणारा प्रत्येक मेसेज गुपचूप त्याच्याकडे पाठवायचं. रात्री दीडला आणखी ४१,००० गेले. मी घोरत होतो.

सकाळी सूनबाईने माझं तोंड पाहून विचारलं आणि मग तिनेच सूत्रं घेतली. आधी माझा फोन फ्लाइट मोडवर टाकला, म्हणजे त्या ॲपला बाहेर काही पाठवता येईना. मग तिच्या फोनवरून १९३० लावला. हा केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीसाठीचा नंबर. तिथे तक्रार नोंदवली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवतात आणि जे अजून बाहेर पडलेले नसतील ते अडवून ठेवतात. नंतर बँकेला कळवून कार्ड बंद केलं. माझे १६,५०० अडकले आहेत, ते सोडवून घ्यायचे कागद चालू आहेत. बाकीचे कुठल्या कुठे फिरून रोख निघाले असतील.

बँकेतल्या बाईंनी मला जे समजावलं ते तू लक्ष देऊन वाच. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे. चूक गिऱ्हाइकाची असेल, म्हणजे माझ्यासारखं त्याने स्वतःच सगळं दाखवलं असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. याचा हिशेब मी घरी येऊन पावतीच्या पाठीवर केला. दुपारी तीनला कळवलं असतं तर रात्रीचे ४१,००० बहुधा गेलेच नसते, आणि गेले असते तरी माझ्या डोक्यावर नसते. भामट्याने मला तासाभरात फसवलं हे मी पचवलं आहे. पण त्या दुपारी मी चार तास लोकांची दळणं दळत बसलो आणि शेजारच्या मेडिकलवाल्यालाही बोललो नाही, हे काही पचत नाही.

पुण्याचा भाचा येऊन फोन साफ करून गेला. तो कंपन्यांचे कॉम्प्युटर याच असल्या ॲपमधून लांबून दुरुस्त करतो. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क, अशी बरीच आहेत. म्हणाला, मामा, ॲप चोर नसतं, किल्ली कुणाला दिली ते महत्त्वाचं. रिझर्व्ह बँकेने बँकांना याबद्दल २०१९ मध्येच सावध केलं होतं, हे त्याने मला आत्ता सांगितलं! आणि वीज तोडायची तर कायद्याने आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते. रात्री साडेनऊला शिडी घेऊन कोण येणार होतं? महावितरणच्या मेसेजला पाठवणाऱ्याच्या नावात एमएसईडीसीएल असतं, कुणाचा मोबाईल नंबर नाही.

हे पुराण तुला सांगायचं कारण वेगळंच आहे. परवा तू हिला म्हणालास, गिझर बिघडला म्हणून गूगलवर कंपनीचा नंबर शोधतोय. तो शोधू नकोस. भामटे आपलेच नंबर कस्टमर केअर म्हणून तिथे पेरून ठेवतात. गिझरच्या वॉरंटी कार्डावर असेल तो लाव. आणि कुणीही, अगदी कुणीही, फोनवर ॲप घ्यायला सांगितलं की ठेवून दे. तुला ते जमणार नाही याचीच मला भीती आहे. राँग नंबर लागलेल्या माणसालाही तू गाव कुठलं विचारतोस! पंचवीस वर्षांपूर्वी त्या विमा एजंटाला घालवता आलं नाही म्हणून त्याला जेवायला बसवलं होतंस, आठवतं? उद्धटपणा जमत नसेल तर "दारात कुणीतरी आलंय" म्हण आणि लाल बटण दाब. मग खरंच काही अडलं असेल का ते मुलाला विचार, बिल बघ, ऑफिसात जा.

मी आता रोजच्या व्यवहाराला वेगळं खातं काढलंय, त्यात पाच हजारांवर ठेवत नाही. मोठ्या खात्याच्या कार्डाचा ऑनलाइन वापर ॲपमधून बंद केला, लागेल तेव्हा चालू करता येतो. तुझ्या कार्डाचंही मुलाकडून करून घे. पेन्शनचं खातं फोनला जोडलं असशील तर तेही बघ.

हिच्याशी आता बोलणं सुरळीत आहे. पहिले चार दिवस ती "दहा रुपये" एवढंच म्हणायची.

भाजणीचा डबा एसटी पार्सलने पाठवला आहे, ठाण्याच्या डेपोत चौकशी कर. त्या दिवशी मोटर मध्येच थांबवली तेव्हा चक्कीत तुमचीच भाजणी होती, तेव्हा थोडी जाडसर लागेल. वहिनींना म्हणावं, चाळून घ्या. रविवारी गिरणी बंद असते, सकाळी फोन कर. उचलतो.

तुझा,
विठ्ठल