मामा म्हणजे आई

प्रिय आई-बाबा,
प्रभूमध्ये सलाम.

बाबा, फोनवर तुमचा प्रश्न ठरलेला, 'एकटी आहेस, जेवतेस का नीट?' रेंज तुटते, मग मीही 'हो हो' म्हणून वेळ मारून नेते. आज सविस्तर लिहिते.

मी एकटी नाही. इथे टांझानियात मला एक मामा आहे. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. बाबा मात्र बाबाच. काका म्हणजे भाऊ आणि दादा म्हणजे बहीण! मामाची पोरं 'दादा, दादा' करत माझ्याकडे पळत येतात. आपल्या दादाला सांगा, त्याची गादी गेली.

ओळख झाली लिलावात. आपल्याकडे हंगामाच्या सणाला चर्चच्या आवारात लिंबू-कोंबड्यांचा लिलाव होतो ना, तसा इथल्या लुथरन चर्चबाहेर उपासनेनंतर होतो. अंडी, कोंबड्या, केळी, ज्याच्या घरी जे पिकलं ते. मी हौसेनं बोली लावली आणि केळीचा अख्खा घड गळ्यात पडला. उचलता येईना. मामाच्या थोरल्यानं तो डोक्यावर घेतला आणि माझ्या खोलीवर आणायचा सोडून सरळ आपल्या घरी नेला. पोराचा हिशोब बरोबर होता, मला कुठे शिजवता येणार होती ती हिरवी केळी!

किलिमांजारो डोंगराच्या या अंगाला चग्गा लोकांची वस्ती. घराभोवतीच केळी आणि त्यांच्या सावलीत कॉफी. लाइपझिगचे जर्मन मिशनरी इथे १८९३ मध्ये आले, आपल्या नगरला अमेरिकन १८३१ मध्येच. पणजी सांगायची ते आठवतं? मडमबाई औषध प्रेमानं द्यायच्या, पण आपल्या घरचं पाणी कधी प्यायच्या नाहीत. मी हसायचे. आणि इथे आल्यावर मामाकडे पहिला महिनाभर मीही पिशवीतून बाटली काढत होते. मामा बघायची, बोलायची नाही.

मग ऑगस्टमध्ये मला ताप आला. (तुम्हाला सांगितलं नव्हतं, रागावू नका.) मामा आठ दिवस रोज डबा घेऊन चढण चढून आली. डब्यात म्टोरी, म्हणजे हिरवी केळी आणि मांस शिजवून, घोटून केलेलं दाट सूप. बाळंतिणीला देतात म्हणे. बरी झाल्यावर मी शहाणपणा केला. दहा हजार शिलिंगच्या दोन नोटा पाकिटात घालून तिच्या हातात दिल्या. तिनं पाकीट टेबलावर ठेवलं, रिकामा डबा उचलला आणि गेली. पुढचे दोन रविवार चर्चमध्ये भेटली, पण नजरेला नजर दिली नाही.

शेवटी दवाखान्यातल्या एका वयस्कर नर्सनं मला कुंपणाशी नेलं. इथे बांधाला आणि कबरींजवळ 'इसाले' नावाचं झाड लावतात, लांबट हिरव्या पानांचं. त्याचं पान घेऊन जो माफी मागायला येतो, त्याला नाही म्हणायचं नसतं. मी एक पान तोडलं आणि निघाले. वाटेत पोरं मागे लागली. इथे भारतीय माणूस म्हणजे दुकानदार, आणि दुकानदारीण हातात पान धरून चालली, ही मोठीच गंमत!

दारात उभी राहून म्हटलं, 'शिकामो, मामा.' आपण पाया पडतो ना, तसा थोरामोठ्यांचा नमस्कार. ती केळी सोलत होती. सुरी थांबली. बराच वेळ गेला, मग म्हणाली, 'मराहाबा.' त्या नमस्काराचं हे ठरलेलं उत्तर. पान घेतलं, परातीशेजारी ठेवलं आणि दुसरी सुरी माझ्यापुढे सरकवली. पाकिटाचा विषय तिनंही काढला नाही, मीही नाही. हाताला तेल लावायचं मला सुचलं नाही, चिकानं बोटं काळी झाली. सोलून झाल्यावर तिनं मडक्यातलं पाणी दिलं. मी प्याले. पोटाला काही झालं नाही, आई.

नाताळला येणं जमणार नाही. डिसेंबरात दार-ए-सलामला कामाला असलेली सगळी चग्गा मंडळी घरी येतात, मामाकडे तर अंगणातसुद्धा जागा उरत नाही. मला तीस जणांची केळी सोलायला बसवलंय. आई, काळा मसाला पाठवशील का, पाव किलो पुरे. आणि मामानं विचारलंय, 'तुझ्या आईनं तुला एवढ्या लांब पाठवलं तरी कसं?' मी म्हटलं, तिलाच विचारून सांगते. पुढच्या पत्रात लिही.

तुमची,
बेबी