तव्यासोबत पाठवलेलं पत्र

इंदूर, रविवार दुपार

चि. सोनूस,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, नव्या घरात आधी काय काय घेऊ?" तेवढ्यात दाराशी कचऱ्याची गाडी आली आणि बोलणं अर्धवट राहिलं. म्हणून आज सवडीने लिहायला बसले. गेल्या वर्षभरात आपल्याकडे बऱ्याच वस्तू आल्या. काही माळ्यावर गेल्या त्या गेल्याच. काहींवर माझा हात रोज जातो. त्या तेवढ्या तुला सांगते.

सगळ्यात आधी तवा. दिवाळीच्या आधी राजवाड्यामागे बर्तन बाजारात जाऊन बिडाचा तवा आणला. पोळ्यांचा लोखंडी तवा पत्र्याचा असतो, पटकन तापतो नि पटकन निवतो. बीड ओतीव असतं. हा तवा मी एका हाताने उचलायला गेले तर मनगटच वाकलं. पण त्या वजनातच त्याचा गुण आहे. तापायला वेळ घेतो, पण एकदा तापला की गार पीठ पडलं तरी दबत नाही. म्हणून आंबोळीला जाळी सुटते. थालीपिठाला बोटाने पाडलेल्या भोकांत तेल सोडलं की ते कडेने बुडबुडत खाली उतरतं, आणि झाकण काढेपर्यंत खालची बाजू तांबूस, खुसखुशीत झालेली असते. तुझ्या आजीच्या थालीपिठाला जो वास यायचा ना, तो मला इतक्या वर्षांनी या तव्यावर परत मिळाला.

तुला पाठवतेय तो तवा मी महिनाभर वापरून तयार केलाय. तरी कृती लिहून ठेवते, कारण कधीतरी गंज चढेलच. मिठाने खसखसून घास, धू, आणि लगेच गॅसवर ठेवून पूर्ण कोरडा कर. मग चमचाभर तेल फडक्याने सगळीकडे पुसून घे, इतकं पातळ की बोट लावलं तर ओघळ दिसू नये. धूर येईपर्यंत तापव, निवू दे. असं तीन-चार वेळा. धिरडं घालण्याआधी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरव. रात्रभर सिंकमध्ये भिजत ठेवू नकोस आणि चिंचेची किंवा टोमॅटोची भाजी त्यात शिजवू नकोस, आंबटाने तेलाचा थर निघून जातो. पहिली एक-दोन धिरडी चिकटतील. तवा टाकू नकोस, तिसरं निघेल.

त्याआधी घेतलेल्या नॉनस्टिक तव्याचा थर आठ महिन्यांत सोलवटायला लागला होता. दुकानात दाखवायला नेला तर म्हणाले, "याला परत थर चढवून मिळत नाही, दुसरा घ्या." मला फार वाईट वाटलं. चांगला जाड तवा, मूठ शाबूत, आणि टाकून द्यायचा. तेव्हापासून मी काहीही घेताना आधी विचारते, हे बिघडलं तर याचं काय बदलून मिळेल?

कुकर त्याच हिशोबाने घे. तुम्हा दोघींना तीन लिटरचा पुरे. मी हॉकिन्सचा आणलाय, झाकण आत बसणारा. त्याची रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, मूठ, सगळं सुटं मिळतं. कुठल्याही कंपनीचा घे, पण आयएसआयची खूण पाहिल्याशिवाय घेऊ नकोस. रिंग कडक झाली किंवा कडेने वाफ यायला लागली की लगेच नवी आण, चिंधी लावून भागवू नकोस. नाहीतर इकडे माझा जीव टांगणीला लागतो.

आता बाबांचा विषय, पंखा. हॉलमध्ये त्यांनी बीएलडीसी पंखा लावला, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा. जुन्यावर ७५ वॅट लिहिलं होतं, यावर ३०. बाबांनी कॅलेंडरच्या पाठीमागे मांडून दाखवलं: ४५ वॅटचा फरक, रोज बारा तास, महिन्याला साधारण १६ युनिट कमी. मला मात्र वेगळंच आवडलं. मे महिन्यात दुपारी व्होल्टेज उतरलं की जुना पंखा मलूल व्हायचा, हा त्याच वेगाने फिरतो. इन्व्हर्टरही जास्त वेळ पुरतो. एक मात्र आहे. याच्या आत सर्किट असतं, ते गेलं तर आपला नेहमीचा इलेक्ट्रिशियन वाइंडिंग करून देऊ शकणार नाही. म्हणून वॉरंटीचा कागद आणि बिल जपून ठेव. तूही असा पंखा घेतलास तर भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून टाकायला सांग. घरमालकाचा पंखा उतरवून नीट बांधून ठेव, घर सोडताना तो लाव आणि तुझा घेऊन जा.

विजेची किटली मी आधी नको म्हणत होते. आता सकाळचं कोमट पाणी तिच्यातच होतं. तुझ्याकडे बोअरिंगचं पाणी आहे म्हणालीस, तर तळाला पांढरा थर बसेल. लिंबाच्या सत्त्वाचा चमचा टाकून अर्धी किटली पाणी उकळ, पाव तास ठेव, ओतून दे. थर सुटून येतो. आपल्याकडे नर्मदेचं पाणी असेल तेव्हा हा त्रास फारसा होत नाही. १९७८ साली ते नर्मदाकाठच्या जलूदहून इंदुरात आलं तेव्हा मी शाळेत होते. नळाला नर्मदा आली म्हणून आईने हळद-कुंकू वाहिलं होतं.

टॉवेल जाडजूड घेऊ नकोस. पुण्याच्या पावसात ते वाळत नाहीत आणि कुबट वास मारतात. सुती पंचे घे, चार.

आणि दोरी ओढून भाजी चिरायचं ते यंत्र अजिबात घेऊ नकोस. आपल्याकडच्याची दोरी तिसऱ्या महिन्यात तुटली, ती बदलून मिळेना. एक चांगली सुरी आणि लाकडी पाट बास. सुरीला धार लावणारा तुमच्या गल्लीत येतो का, ते बघून ठेव.

खोकं उद्या सकाळच्या बसने पाठवतेय. तवा तळाशी आहे, तुझ्या जुन्या दुलईत गुंडाळलाय. ती दुलईसुद्धा वापर, फेकू नकोस. रतलामी शेवेची पिशवी सगळ्यात वर ठेवलीय, ती आधी काढून घे, मग खोकं आडवं कर.

तुझी,
आई