शाळा सुटताना मुलांना कोण नेणार ते आधी कळवा (पहिली ते चौथी)

नमस्कार सगळ्यांना. सोमवारपासून मुलाला न्यायला रोजच्यापेक्षा वेगळं कोणी येणार असेल, आजोबा असोत, मामा असो की शेजारचा दादा, तर वर्गशिक्षिकांना सकाळीच मेसेज टाका. ऐनवेळी फोनवर "सोडा हो, आमचाच माणूस आहे" म्हटलं तर बाई सोडणार नाहीत आणि त्यांच्यावर चिडू नका प्लीज. रिक्षावाले काका बदलले तरी तेच.

दुसरं म्हणजे डब्यावरून, रंगावरून चिडवाचिडवी वाढलीये. आपलं पोर रडत आलं की "तूही दे ठेवून" असं शिकवू नका, आणि दुसऱ्याच्या मुलाला गेटवर गाठून दम तर अजिबात भरू नका, बाईंशी बोला. शाळेतही छडी चालणार नाही, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं मारायला आणि मानसिक त्रास द्यायला दोन्हीला बंदी आहे, तसं काही झालं तर बिनधास्त सांगा, तक्रारपेटी ऑफिसबाहेरच आहे.

चाइल्डलाइनचा, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा, 1098 नंबर फुकट आहे, 24 तास चालू असतो, मुलांकडून पाठ करून घ्या, पाढ्यांच्या आधी घेतला तरी चालेल. आणि कुठल्याही मुलाचं नाव घेऊन ग्रुपवर भांडणं नकोत, मेसेज डिलीट केला जाईल.