पोट बिघडलंय, एवढंच सांगितलं होतं

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोनवर मी म्हणाले, "पोट बिघडलंय, बाकी ठीक." ते अर्धंच खरं होतं. सगळं सांगितलं असतं तर रात्रीच निघाला असतात, म्हणून आता टाके काढल्यावर लिहितेय.

बिघाड शंटचाच, म्हणजे डोक्यातलं जास्तीचं पाणी पोटात उतरवणाऱ्या माझ्या त्या नळीचाच होता, पण खालच्या, पोटातल्या टोकाला. इतकी वर्षं आपण तिघांनी डोक्यावरच पहारा दिला. डोकं दुखलं, उलटी झाली, की बाबा, तुम्ही फाइल काढायचात. पोटाकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मीही महिनाभर अपचन समजून गोळ्या खाल्ल्या. मग उजवीकडे फुगवटा हाताला लागला, आणि चार दिवसांनी डोकंही ठणकायला लागलं.

सोनोग्राफीत नळीच्या टोकाभोवती पाण्याची पिशवी दिसली. स्यूडोसिस्ट म्हणतात तिला. डोक्यातून उतरलेलं पाणी पोटातल्या अस्तराने शोषायचं, ते तिथेच कोंडत होतं. असं दिसलं की आधी जंतुसंसर्गाचा संशय घेतात. मला ताप नव्हता, तरी तो निघालाच.

मग नळीचं टोक पोटातून काढून बाहेरच्या पिशवीला जोडलं आणि अँटिबायोटिक्स सुरू झाली. मेंदूत दिवसाला साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं, हे लहानपणापासून ऐकत आले होते. डोळ्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. अगदी नितळ! उठून बसायचं तरी आधी सिस्टरला हाक मारायची, कारण पिशवीची उंची डोक्याच्या हिशेबाने ठेवावी लागते. त्याचा फार राग यायचा.

पाणी जंतुमुक्त झाल्यावर नवा शंट घातला. पुन्हा पोटातच, पण डावीकडे. तिथेही जमलं नाही तर हृदयाच्या कप्प्यात सोडता येतो, म्हणे.

आई, "एवढी लांब नळी घालायला मीच सही केली" असं तू म्हणणार, माहितेय. पण तान्ह्या बाळाच्या पोटात नळी मुद्दाम जास्तीची ठेवतात, वाढत्या अंगाचा फ्रॉक शिवावा तशी. मी पाच फूट चार इंच झाले तरी ती पुरली की गं.

बाबा, फाइलमध्ये नव्या शंटच्या झडपेचं, व्हॉल्व्हचं, कार्ड लावायचंय. एमआरआय केला की त्याचं सेटिंग तपासून घ्यावं लागतं, तेवढं पहिल्या पानावर तुमच्या अक्षरात लिहा. माझं कुणाला लागत नाही.

रविवारी या. रागवायचं असेल तर तेव्हाच रागवा, फोनवर नको.

तुमची,
ताई