राजाराम बंधाऱ्याची पातळी आणि अटलांटिकची ओहोटी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुटीच्या परदेश सहलींच्या जाहिरातींत पॅरिस-स्वित्झर्लंडच्या जोडीला आता आयर्लंड, स्पेन, पोर्तुगालचा अटलांटिक किनाराही दिसू लागला आहे. किनारा बघण्यासारखाच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हाती पडणाऱ्या सहलपत्रकांत ‘सकाळी नाश्ता, नंतर समुद्रकमानी, दुपारी खरेदी’ एवढंच असतं. ओहोटी किती वाजता, हे कुठेच नसतं. मालवण-गणपतीपुळ्याच्या सवयीने तिथे गेलं तर एक तर काही दिसत नाही, नाही तर अडकायला होतं. म्हणून हे पत्र.

कोकणात भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन-अडीच मीटर. आयर्लंडच्या पश्चिम आणि स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावर उधाणात तो चार मीटरच्या वर जातो, म्हणजे तेरा-चौदा फूट. कोल्हापूरकराला पाण्याची पातळी वाचायला शिकवावी लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका, हे इथे शाळकरी पोरालाही पाठ असतं. पंचगंगा मधले चार फूट इंचाइंचाने चढते. अटलांटिक तेवढंच पाणी भर भरतीत सव्वा तासात चढवतो, आणि तेही दिवसातून दोनदा.

हे ‘भर भरतीत’ महत्त्वाचं. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. दर्यावर्दी त्याचा हिशेब बाराव्या हिश्शाने करतात: पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चार मीटरची भरती धरली तर ओहोटीनंतरच्या पहिल्या तासात पाणी जेमतेम फूटभर वाढतं आणि माणूस निर्धास्त होतो. दुसऱ्या तासात दोन फुटांच्या वर, तिसऱ्यात सव्वातीन फूट. अडकण्याचा धोका या तिसऱ्या तासात वाढतो.

स्पेनच्या गॅलिसियात रिबादेओ गावाजवळ ‘आस कातेद्राइस’ नावाची पुळण आहे. स्लेट आणि शिस्ट खडक लाटांनी कोरून झालेल्या कमानी, काही तीस मीटर उंचीच्या, एकीतून दुसरी दिसावी अशा एका ओळीत उभ्या आहेत. भरतीला हे सगळं पाण्यात. वरून नुसता फेस दिसतो. ईस्टरच्या आठवड्यात आणि १ जुलै ते ३० सप्टेंबर या काळात खाली उतरायला आधी नावनोंदणी लागते. ती फुकट असते, पण रोजची संख्या ठरलेली असते. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी उतरावं, ओसरत्या पाण्यामागे पुढे सरकावं, सगळ्यात लांबची कमान ऐन ओहोटीला गाठावी आणि त्यानंतर तासाभरात जिन्यापाशी परतावं. लोक नेमकं उलटं करतात. जिन्याजवळ फोटो काढत तास घालवतात आणि लांबचं शेवटाला ठेवतात. वाळू सपाट नसते. खडकांच्या बुडाशी लाटांनी चर पाडलेले असतात आणि पाणी आधी त्यांत भरतं. पायाखाली कोरडी वाळू आणि परतीच्या वाटेवर गुडघाभर पाणी, अशी गत होते.

तारीख ठरवायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथेही उधाण अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांतच येतं, भांग (सर्वांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी) अष्टमीनंतर. उधाणात पाणी जसं जास्त चढतं तसं जास्त ओसरतंही, म्हणून कमानींखालून फिरायला उधाणाचेच दिवस धरावेत. मात्र कोकणातला ‘तिथीची पाऊणपट’ हा आडाखा (पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती) तिकडे लावू नये. भरतीची वेळ बंदरागणिक बदलते. गॅलिसियात उधाणाच्या दिवसांत दिवसाची ओहोटी उन्हाळी घड्याळाप्रमाणे साधारण अकरा-बाराला येते, हे सोयीचंच आहे. नेमकी वेळ तिथल्या तक्त्यातच बघावी, आणि तक्ता कोणत्या घड्याळाचा आहे हेही. छापील तक्ते पुष्कळदा ग्रिनिच वेळेत असतात. उन्हाळ्यात आयर्लंड आणि पोर्तुगालचं घड्याळ त्याच्या एक तास पुढे, स्पेनचं दोन तास. दोन तासांची चूक म्हणजे वरच्या हिशेबातला तिसरा तास.

लाटांचंही तसंच. आपल्याकडे दिवाळी ते मे समुद्र निवांत असतो. अटलांटिकच्या लाटा शेकडो-हजारो किलोमीटरवरच्या वादळातून निघालेल्या असतात. किनाऱ्यावर ऊन असतं, वारा पडलेला असतो, आणि बारा-पंधरा सेकंदांच्या अंतराने जड लाटा येतच असतात. त्या टोळीने येतात: दहा मिनिटं साध्या, मग तीन-चार मोठ्या. म्हणून खडकावर उतरण्याआधी पंधरा मिनिटं उभं राहून नुसतं बघावं. सगळ्यात मोठी लाट जिथवर खडक भिजवते त्याच्याही वर थांबावं. आयर्लंडच्या इनिशमोर बेटावर चुनखडीच्या सपाट खडकात जणू टाकीने कापलेलं आयताकृती कुंड आहे, पोल न बेश्त. फोटोत ते आपल्या विहिरीसारखं शांत दिसतं. खालून ते समुद्राला जोडलेलं आहे, आणि लाट आली की पाणी आतून उसळून खडकावर येतं.

जायंट्स कॉजवेबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यात काळ्या बेसॉल्टचे सुमारे ४०,००० खांब समुद्रात उतरत गेले आहेत. १९८६ पासून तो जागतिक वारसा आहे. पन्हाळ्याच्या बांदिवडे गावाजवळचे खांब ज्यांनी पाहिलेत त्यांना ते पाहताक्षणी ओळखीचे वाटतील. दोन्हीकडे प्रकार एकच: लाव्हा थंड होताना आकसतो, पृष्ठभागावर भेगा पडतात आणि जसजसा थर आत निवत जातो तसतशा भेगा आत उतरतात. निवणं सावकाश आणि सारखं असेल तर भेगांची जाळी षटकोनाकडे झुकते. सगळे खांब षटकोनीच नसतात; पाच, सात, क्वचित चार किंवा आठ बाजूंचेही सापडतात. आपला दख्खनचा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांचा, तिथला ६ कोटींच्या आसपासचा. तोही खंड फाटत असतानाच, उत्तर अटलांटिक उघडत असताना बाहेर पडलेला.

तिथे गेल्यावर खांबाच्या डोक्याकडे नीट पाहावं. खांब आडवाही चिरतो आणि तुकड्याचा माथा कधी बशीसारखा खोलगट, कधी फुगीर असतो. खोलगट बश्यांत पावसाचं किंवा समुद्राचं पाणी साठतं. तिथेच पाय घसरतो. रंगही वाचता येतो. पाण्यालगतचा काळाकुळकुळीत पट्टा म्हणजे लाटा पोचतात तिथवर वाढणारं दगडफूल, ओलं असताना साबणासारखं निसरडं. राखाडी दगडावर राहावं, काळ्यावर जाऊ नये. दगडांवर फिरायला तिकीट नाही. पैसे पडतात ते वाहनतळाचे आणि माहिती केंद्राचे. आणि एक विनंती: फटींत नाणी खोचू नयेत. नदी दिसली की नाणं टाकायची आपली सवय आहे, आणि तिथे तर आधीच्यांनी खोचलेली रांगच दिसते. खाऱ्या हवेत ती नाणी गंजून फुगतात, त्या दाबाने दगडाच्या कडा फुटतात आणि खांबांवर तांबूस ओघळ उतरतात.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे मोहरचे कडे २१४ मीटरपर्यंत उंच. इथे भरतीचा प्रश्न नाही, कडेचा आहे. खाली ठिसूळ शेल (चिखलाचा दगड), वर कठीण वालुकाश्म. शेल आधी झडतं आणि वरचा थर अधांतरी राहतो. वर हिरवंगार गवत असतं, त्यामुळे पायाखाली दगड आहे की पोकळी, हे वरून कळायला मार्ग नाही. फरशांच्या कठड्याच्या आतच राहावं. किनाऱ्याने जाणाऱ्या पायवाटेचे काही भाग अलीकडे सुरक्षेसाठी बंद केले गेले होते, तेव्हा कुठला भाग खुला आहे हे निघण्याआधी तपासावं. पफिन पक्षी एप्रिल ते जुलैच्या मध्यापर्यंतच दिसतात.

पोर्तुगालच्या दक्षिणेला कडे पिवळ्या चुनखडीचे, सुंदर आणि कच्चे. २००९ मध्ये आल्बुफेराजवळ कडा कोसळून खाली बसलेले पाच जण गेले. कड्याच्या उंचीच्या दीडपट अंतर सोडून बसावं. सावली नेमकी कड्याखाली असते, ही पंचाईत. छताला भोक असलेल्या बेनाजिल गुहेचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत, पण २०२४ पासून तिथे पोहत जायला आणि आतल्या वाळूवर उतरायला मनाई आहे.

दिवाळीच्या सुटीत आयर्लंड नको. नोव्हेंबरात पाचच्या आसपासच दिवस मावळतो आणि वादळं सुरू झालेली असतात. मे-जून उत्तम, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. छत्री घरीच ठेवा, पहिल्याच झुळकेत उलटी होते. टोपीचा रेनकोट आणि खोल नक्षीच्या रबरी तळाचे बूट हवेत. कोल्हापुरी पायताण गावातल्या मिरवण्यापुरतं.

कागदपत्रांत एक मेख आहे. आयर्लंडला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक व्हिसा) चालत नाही, आणि जायंट्स कॉजवे ब्रिटनच्या हद्दीत येतो. डब्लिनहून बसने जाताना सीमेवर कुणी थांबवत नाही, म्हणून व्हिसा लागत नाही असा समज होतो. तो चूक आहे. भारतीयांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना आहे. व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ अशी नोंद असेल तर दोन्हीकडे जाता येतं, मात्र ज्या देशाने व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं. स्पेन-पोर्तुगालला शेंगेन वेगळा. संकटात चारही ठिकाणी ११२ फिरवावा. आयर्लंड-ब्रिटनमध्ये थेट ‘कोस्ट गार्ड’ मागावा.

सहल कंपन्यांकडे आमचं मागणं एवढंच: किनाऱ्याच्या प्रत्येक दिवसापुढे ओहोटीची स्थानिक वेळ छापा. आणि पैसे भरणाऱ्यांनी नाश्त्याला काय आहे हे विचारायच्या आधी ती विचारावी.

आपले,
भूगोल आणि गिरिभ्रमणाचे दोन अभ्यासक, कोल्हापूर